नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही टिकणारी सवय: प्रथमच सुरुवात करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नवी सवय लावून घ्यायची किंवा जुनी सोडायची असा निश्चय बहुतेकांनी केव्हा ना केव्हा केलेला असतो आणि त्याचे पुढे काय होते हेही बहुतेकांना ठाऊक असते. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्या आठवड्यात एखादा दिवस चुकतो, तिसऱ्यात प्रवासाचे किंवा आजारपणाचे निमित्त होते आणि मग येरे माझ्या मागल्या. त्यानंतर माणूस स्वतःलाच आळशी, आरंभशूर, कच्च्या मनाचा अशी दूषणे देत बसतो. रोजचे वाचन, नियमित चालणे आणि रात्री मोबाइल दूर ठेवणे या तीन गोष्टी दिनक्रमात रुजवताना मी या सगळ्यातून गेलो आहे. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की सवय टिकते ती निश्चयाच्या बळावर कमी आणि ती दिवसातल्या कोणत्या प्रसंगाला बांधली आहे यावर जास्त. पुढील सर्व टप्पे याच एका गोष्टीभोवती रचलेले आहेत.

हे मार्गदर्शन रोजच्या साध्या सवयींसाठी आहे. दारू, तंबाखू किंवा अन्य नशेच्या पदार्थांचे व्यसन सोडायचे असेल तर डॉक्टरांची मदत अवश्य घ्यावी. विशेषतः दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने ते एकाएकी बंद केले तर झटके येऊ शकतात आणि प्रसंगी ते जिवावरही बेतू शकते. तेथे केवळ मनोनिग्रहावर विसंबून चालत नाही.

सुरुवातीपूर्वी: सवय लागते म्हणजे काय होते

एखादी कृती त्याच ठिकाणी, त्याच गोष्टीच्या पाठोपाठ पुन्हा पुन्हा केली की मेंदू ती परिस्थिती आणि ती कृती यांची गाठ मारतो. मेंदूच्या आतल्या भागात असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा यात मोठा वाटा असतो. गाठ पक्की झाली की परिस्थिती समोर येताच कृती आपोआप सुरू होते. त्या क्षणी ती करण्याची इच्छा असलीच पाहिजे असेही नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहात आलेल्या काही लोकांना ताजे पॉपकॉर्न दिले, तर काहींना सात दिवसांचे शिळे. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची ज्यांची सवय पक्की होती, त्यांनी चव आवडली नसतानाही शिळे पॉपकॉर्न जवळजवळ ताज्याइतकेच खाल्ले. चित्रपटगृहाऐवजी सभांसाठीच्या खोलीत बसवल्यावर मात्र त्यांचे हात आवरले गेले. नको असलेली सवय माणसाला कशी ओढून नेते आणि ती कोठे सैल पडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका प्रयोगात आहेत.

जवळ काय असावे

- एक साधी वही आणि पेन. मोबाइलवरील नोंदवही चालेल, पण सुटका मोबाइलपासूनच हवी असेल तर कागदच बरा.
- रोज नजरेस पडेल अशा जागी टांगलेली, रकाने मोठे असलेली दिनदर्शिका.
- गजराचे साधे घड्याळ. गजरासाठी मोबाइल उशाशी ठेवावा लागतो, ही सबब त्यामुळे उरत नाही.
- सल्ले न देता ऐकून घेणारी एक व्यक्ती. तिचे काम दहाव्या टप्प्यावर येईल.

१. पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण उत्साह असताना नुसते पाहत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे वाटते. तरीही ती गाळू नये. नखे कुरतडण्यासारख्या नकळत होणाऱ्या सवयी आणि अंगाला वारंवार बसणारे छोटे हिसके (टिक्स) यांवर अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये जी उपचारपद्धत मांडली, तिचीही सुरुवात कृती केव्हा आणि कशी होते हे त्या माणसाला ओळखायला शिकवण्यापासूनच होते.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, जागा, सोबत कोण होते, कृतीच्या अगदी आधी काय घडले आणि कृतीनंतर कसे वाटले. जी सवय बदलायची आहे ती जेव्हा जेव्हा घडेल, तेव्हा एका ओळीत नोंद करा. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. रात्री मोबाइल पाहत जागत बसण्याची माझी सवय मी अशी नोंदवली, तेव्हा चौथ्या रकान्यात बहुतेक रात्री एकच गोष्ट लिहिली गेली होती: उद्याचा गजर लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला. कंटाळा, एकटेपणा, झोप न येणे अशी जी कारणे मी मनाशी धरून होतो, ती नोंदींत क्वचितच आढळली. गजर लावण्याच्या त्या अर्ध्या मिनिटातून पुढचा तास निघत होता आणि उपायही तेथेच करायचा होता.

२. एकच सवय निवडा आणि ती कोणाला हवी आहे हे तपासा

एकाच वेळी लवकर उठणे, व्यायाम, वाचन आणि खर्चाची नोंद असे सगळे सुरू करण्याचा मोह आवरा. प्रत्येक नवी कृती सुरुवातीला आठवणीने, लक्ष देऊन करावी लागते आणि चार ठिकाणी विभागलेले लक्ष एकाही ठिकाणी पुरत नाही.

निवडलेली गोष्ट कृतीच्या रूपात लिहा. ‘तब्येत सुधारायची आहे’ ही इच्छा झाली. ‘घराबाहेर पडून दहा मिनिटे चालायचे आहे’ ही कृती झाली. ती झाली की नाही, याचे उत्तर तिसऱ्या माणसालाही हो किंवा नाही असे देता आले पाहिजे.

त्यानंतर हा बदल आपल्याला का हवा आहे, हे स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहा. लिहिताना ‘सगळे म्हणतात’, ‘केले पाहिजे’, ‘बरे दिसत नाही’ असेच शब्द येऊ लागले, तर बदल बहुधा दुसऱ्या कोणाला तरी हवा आहे. धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये बदलाच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत प्रत्यक्ष कृतीच्या आधी विचाराची अवस्था आहे. या अवस्थेत असलेल्या माणसाने स्वतःला कृतीत ढकलण्यापेक्षा बदलाने काय मिळेल आणि काय गमवावे लागेल, या दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहून काढाव्यात. गमावण्याची बाजू कोरी राहिली असेल तर विचार अजून पुरता झालेला नाही, असे खुशाल समजा.

३. कृती इतकी लहान करा की वाईट दिवशीही ती होईल

कृतीचे माप ठरवताना उत्साहाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवू नका. उशिरा घरी आला आहात, डोके दुखते आहे, कोणाशी तरी वाद झाला आहे, असा दिवस डोळ्यांपुढे आणा आणि त्या दिवशीही जेवढे जमेल तेवढेच ‘किमान माप’ म्हणून लिहा. वाचनासाठी ते एक पान असेल, चालण्यासाठी बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे असेल. जास्त झाले तर आनंदच आहे, पण दिनदर्शिकेवर खूण करण्यासाठी किमान माप पुरेसे आहे.

सापळा: दोन चांगल्या आठवड्यांनंतर किमान माप वाढवण्याची इच्छा होते. एका पानाचे दहा पाने केले की पुढचा वाईट दिवस येताच ती दहा पाने डोंगराएवढी वाटतात आणि एकही वाचले जात नाही. किमान माप निदान पहिले तीन महिने तरी हलवू नका.

उलट बाजूही लक्षात घ्या. माप इतकेही कमी नको की कृतीला अर्थच उरणार नाही. पुस्तक हातात घेऊन परत ठेवणे याला मी वाचन म्हणणार नाही. एक पान वाचले की निदान पुढे काय होते याची उत्सुकता मागे राहते आणि तीच दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते.

४. कृती एका ठरावीक प्रसंगाला बांधा

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा असल्यामुळे येथे घाई करू नका. ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ अशा साच्यात एक वाक्य लिहायचे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा वाक्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसते उद्दिष्ट ठरवणाऱ्यांपेक्षा असे वाक्य ठरवणाऱ्यांना उद्दिष्ट गाठण्यात स्पष्टपणे अधिक यश मिळते असे दिसून आले. कारण समजायला सोपे आहे: केव्हा करायचे हा निर्णय आधीच झालेला असतो, त्यामुळे ऐन वेळी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

प्रसंग निवडताना चार गोष्टी पाहा. तो रोज घडणारा असावा. सुट्टीच्या दिवशी घडत नसेल तर आठवड्यातून एकदा गाठ सैल होते. त्याचा शेवट स्पष्ट असावा: ‘संध्याकाळी’ याला शेवट नाही, ‘घरी येऊन बूट काढल्यावर’ याला आहे. तो जेथे घडतो तेथेच किंवा तेथून दोन पावलांवर नवी कृती करता यावी. आणि त्या क्षणी हात व मन मोकळे असावे. हा चौथा निकष बहुधा सुटतो. रोज ठरल्या वेळी येणारा फोन हा प्रसंग नियमित खरा, पण तो संपल्यावर डोक्यात त्याच बोलण्याचे विचार घोळत असतात. अशा वेळी ध्यानाला बसणे अवघड जाते.

एक वाक्य कसे घडत जाते ते पाहा. ‘मी रोज वाचीन’ असे आधी लिहिले. यात वेळ नाही. ‘मी रोज रात्री वाचीन’ असे सुधारले. पण रात्र लांबलचक असते आणि वाचन तिच्या शेवटाकडे सरकत जाते. ‘मी झोपण्यापूर्वी वाचीन’ असे केले, तर झोप आधी येते आणि वाचन राहते, कारण ज्या प्रसंगाच्या ‘आधी’ काही करायचे असते तो प्रसंग आठवण करून देत नाही. तो येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. शेवटी ‘रात्री दात घासून ब्रश जागेवर ठेवला की मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून एक पान वाचीन’ असे वाक्य तयार झाले. यात प्रसंग आहे, त्याचा शेवट आहे, जागा आहे आणि माप आहे.

घड्याळाची वेळ प्रसंग म्हणून चालते का, असे अनेक जण विचारतात. ज्यांचा दिवस वेळापत्रकाने चालतो त्यांना चालते. इतरांनी रोज घडणाऱ्या कृतीचाच आधार घ्यावा, कारण रात्रीचे साडेनऊ कधी वाजून गेले हे कळत नाही, दात घासून झाले हे मात्र कळतेच.

५. आजूबाजूची मांडणी बदला

हवी असलेली कृती सोपी आणि नको असलेली अवघड होईल अशा रीतीने वस्तूंच्या जागा बदला. पुस्तक त्या खुर्चीवरच, खुणेचे पान घालून ठेवा. मोबाइलचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत लावा. चालण्याचे बूट कपाटात न ठेवता दाराशी ठेवा. असल्या वीस-तीस सेकंदांच्या अडथळ्याने काय होणार, असे वाटते. पण नकळत होणाऱ्या कृतीला थांबवण्यासाठी तेवढा अडथळा बऱ्याचदा पुरतो, कारण त्या वीस सेकंदांत आपण काय करतो आहोत याचे भान येते.

घर, नोकरी किंवा शहर बदलत असाल तर त्या संधीचा जरूर उपयोग करा. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वृत्तपत्रवाचन आणि टीव्ही पाहण्याच्या सवयींवरील अमेरिकेतला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या जागी परिस्थिती पूर्वीसारखीच राहिली तेथे सवयीही राहिल्या; परिस्थिती बदलली तेथे जुन्या सवयींची पकड सुटली आणि विद्यार्थ्यांचे वागणे त्यांच्या इच्छेप्रमाणे होऊ लागले. जागा बदलली की चांगल्या सवयींच्या गाठीही सुटतात, हे मात्र विसरू नका. त्यांच्यासाठी चौथ्या टप्प्यातले वाक्य नव्याने लिहावे लागते.

६. जुन्या सवयीची जागा रिकामी सोडू नका

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. प्रयोगशाळेतील निरीक्षणे या म्हणीच्या बरीच जवळ जातात. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांच्या प्रयोगांत घंटेसारख्या खुणेला लाळ गाळायला शिकलेल्या कुत्र्यांचा तो प्रतिसाद, अन्न देणे थांबवल्यावर, हळूहळू बंद होत असे. पण काही काळ मध्ये जाऊ दिला की तीच खूण पुन्हा मिळताच प्रतिसाद परत येई. शिकलेले पुसले जात नाही, त्यावर नवे शिकणे चढते. म्हणूनच अनेक महिन्यांपूर्वी सुटलेली सवय जुन्या जागी, जुन्या मित्रांत किंवा मनावर ताण असताना एकदम उफाळून येते. हे आधीच माहीत असले की तसे झाल्यावर माणूस घाबरून जात नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘मी हे करणार नाही’ एवढे ठरवून भागत नाही. परिस्थिती तर येणारच, मग तेव्हा काय करायचे हे ठरलेले हवे. पहिल्या आठवड्याच्या नोंदी काढा आणि पाचवा रकाना पाहा: कृतीनंतर काय मिळत होते? विश्रांती, कोणाशी तरी बोलल्याचे समाधान की अवघड कामापासून काही वेळ सुटका? तेच देणारी दुसरी कृती निवडा. कामाच्या मध्ये दर थोड्या वेळाने संदेश पाहण्यातून सुटका मिळत असेल, तर उठून खिडकीपर्यंत जाऊन येणेही सुटकाच देते. पण संदेशांतून माणसांची सोबत मिळत असेल, तर खिडकी उपयोगाची नाही. तेथे दिवसातून एकदा कोणाला तरी निवांत फोन करणे ठरवावे लागेल. पर्यायी कृती फसते ती बहुधा याच ठिकाणी, गरज एक आणि पर्याय दुसऱ्याच गरजेचा, अशी गल्लत झाल्यामुळे.

हातांनी होणाऱ्या सवयींसाठी, उदाहरणार्थ नखे कुरतडणे किंवा केस ओढणे, अझ्रिन आणि नन यांच्या पद्धतीतला उपाय उपयोगी पडतो: ओढ जाणवताच त्या कृतीशी एकाच वेळी जमणार नाही अशी दुसरी हालचाल करायची, जसे की मूठ घट्ट मिटून काही वेळ तशीच धरून ठेवायची. वर सांगितलेल्या पॉपकॉर्नच्या अभ्यासातही, नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर सवयीचा प्रभाव नाहीसा झाला होता.

७. नोंद ठेवा, पण ती साधी असू द्या

कृती झाली की लगेच दिनदर्शिकेवर फुली मारा. झाली नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि वहीत एका ओळीत कारण लिहा. रंग, गुण, टक्केवारी यांच्या नादी लागू नका. नोंदच जड झाली की तिच्यापायी सवयही सुटते.

सापळा: अखंड दिवसांची संख्या मोजणारी मोबाइल अ‍ॅप्स. संख्या मोठी होत जाते तोवर ती प्रोत्साहन देतात आणि एक दिवस चुकून ती शून्यावर आली की सगळे वाया गेल्यासारखे वाटते. महिन्यात एकूण किती फुल्या झाल्या ही संख्या अधिक खरी आहे, कारण एक दिवस चुकला म्हणून ती शून्यावर येत नाही.

८. पहिल्या तीन महिन्यांत काय होते ते आधीच जाणून घ्या

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधील लेखनात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना साधारण किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि शस्त्रक्रियेचा संदर्भही. हा आकडा मनात धरून बसलेला माणूस बाविसाव्या दिवशीही कृती जड जाते म्हणून निराश होतो, हे या समजुतीने केलेले खरे नुकसान आहे.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना १२ आठवडे खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी कृती रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कृती पुरेशी आपोआप होऊ लागण्याच्या कालावधीचा मध्यांक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला. पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांच्या अंदाजापर्यंत पसरला होता. व्यायामासारख्या कृतीला पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा बराच जास्त काळ लागला. म्हणून एखाद्या मित्राला महिन्याभरात जमले आणि तुम्हाला चौथ्या महिन्यातही आठवणीने करावे लागते, यात काही बिघडलेले नाही.

त्याच अभ्यासात दिसलेली आणखी एक गोष्ट मला दिलासा देणारी वाटते. सुरुवातीच्या पुनरावृत्तींनी सहजता झपाट्याने वाढते आणि नंतरच्या प्रत्येक पुनरावृत्तीने थोडी थोडीच वाढते. म्हणजे दुसऱ्या महिन्यात प्रगती थांबल्यासारखे वाटणे हा या वाढीचाच स्वभाव आहे. नवलाई संपलेली असते, कौतुक करणारे गप्प झालेले असतात आणि फायदा अजून डोळ्यांना दिसत नसतो. सर्वाधिक लोक सवय सोडतात ती याच काळात, असे माझे निरीक्षण आहे. या दिवसांत दोन गोष्टी करा. एक, कृतीला लगेच मिळणाऱ्या आनंदाची जोड द्या: आवडती श्राव्य कादंबरी फक्त चालतानाच ऐकायची, एरवी नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्यांवर असाच प्रयोग अमेरिकेत झाला होता आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा चांगला उपयोग दिसला; मोठ्या सुट्टीनंतर परिणाम ओसरला, म्हणून केवळ यावर विसंबू नये. दोन, दुसऱ्या टप्प्यावर ‘का’ म्हणून लिहिलेली वाक्ये पुन्हा वाचा आणि ती अजून खरी आहेत का ते पाहा. खरी नसतील तर नव्याने लिहा.

९. खंड पडल्यावर काय करायचे ते खंड पडण्यापूर्वीच लिहून ठेवा

खंड पडणार आहे, हे गृहीत धरा. लॅली यांच्या अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. नुकसान होते ते चुकलेल्या दिवसाने नव्हे, त्यानंतर मनात येणाऱ्या विचाराने. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी या विचाराचा बारकाईने अभ्यास केला. माणूस एकदा घसरतो, ‘मी असाच आहे, माझ्याने होणार नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि एका घसरणीचे रूपांतर पूर्ण माघारीत होते. घसरण आणि माघार या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्या मधल्या काळात आपण काही करू शकतो, ही त्यांची मांडणी मला फार मोलाची वाटते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: ‘चुकल्यास दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाला फक्त किमान माप करीन. चुकलेले भरून काढणार नाही.’ दुसरे वाक्य पहिल्याइतकेच आवश्यक आहे. काल राहिलेले आज दुप्पट करायचे ठरवले की आजची कृती शिक्षा होते आणि शिक्षेकडे कोणी आपणहून जात नाही.

महिनाअखेरीस रिकाम्या रकान्यांची कारणे एकत्र वाचा. प्रत्येक वेळी निराळे कारण असेल तर ते आयुष्यातले साधे योगायोग आहेत, सोडून द्या. तेच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष मांडणीत आहे. दर रविवारी चुकत असेल तर रविवारी तो प्रसंगच घडत नसेल. प्रवासात चुकत असेल तर प्रवासासाठी वेगळे वाक्य लागेल. अशा वेळी स्वतःला बोल लावण्यापेक्षा चौथा टप्पा पुन्हा करा.

१०. बदललेल्या स्वतःला आणि भोवतालच्या माणसांना वेळ द्या

सवयीविषयीच्या लेखनात ही बाजू बहुधा राहून जाते. सवय बदलते तेव्हा तिच्याभोवतीचे नातेसंबंधही थोडे हलतात. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणाऱ्या गटातला एक जण लवकर झोपू लागला की उरलेल्यांना तो दुरावल्यासारखा वाटतो. घरातली माणसेही ‘चार दिवसांचे खूळ आहे’ असे म्हणतात. त्यात दुष्टपणा नसतो, त्यांना जुन्या तुमचीच सवय असते. अशा वेळी वाद घालू नका, उपदेशही करू नका. आपण काय करत आहोत आणि त्यांच्याकडून नेमके काय हवे आहे, एवढे सांगा: ‘रात्री दहानंतर मी फोन उचलणार नाही, तातडीचे असेल तर घरच्या दुसऱ्या क्रमांकावर कळव.’

साहित्याच्या यादीत उल्लेखलेल्या त्या व्यक्तीशी आठवड्यातून एकदा बोला. किती फुल्या झाल्या, काय अडले आणि पुढच्या आठवड्यात काय बदलणार, एवढेच तिला सांगायचे. सगळ्यांना जाहीर सांगण्याचा आग्रह मी धरणार नाही. कौतुक आधीच पदरात पडले की काहींचा उत्साह तेथेच संपतो.

आणि जुनी सवय सुटताना हुरहुर वाटली तर तिला वाटू द्या. ती सवय कधी काळी काही तरी देत होती, म्हणूनच ती लागली. ‘मी उशिरा झोपणारा माणूस आहे’, ‘मला व्यायाम जमत नाही’ अशी आपल्याविषयीची वाक्ये अनेक वर्षे उच्चारलेली असतात आणि ती एका झटक्यात खोटी ठरत नाहीत. त्यांच्या जागी मोठमोठी वाक्ये घोकण्याची गरज नाही. दिनदर्शिका समोर आहे. ‘या महिन्यात मी बावीस दिवस चाललो’ असे जे खरोखर घडले तेच म्हणा. स्वतःविषयीचे मत अशा पुराव्यांवर हळूहळू बदलते आणि तसे बदललेले मत सहसा डळमळत नाही.

११. दुसरी सवय केव्हा सुरू करावी

तीन गोष्टी दिसू लागल्या की पहिली सवय रुजली असे समजण्यास हरकत नाही: कृती झाल्यावर फुली मारायची राहून जाते, पण कृती राहत नाही; ती चुकलेल्या दिवशी काही तरी राहिल्यासारखे वाटत राहते; आणि ती करू की नको हा प्रश्न मनात येतच नाही. यांपैकी एकच गोष्ट दिसत असेल तर आणखी महिनाभर थांबा.

पहिल्या सवयीचे माप वाढवायचे असेल तर तेही आताच वाढवा. वाढवताना प्रसंग आणि जागा बदलू नका. केवळ माप बदला आणि वाईट दिवसांसाठी जुने किमान माप तसेच राहू द्या. माप वाढवणे आणि नवी सवय सुरू करणे या दोन गोष्टी एकाच महिन्यात करू नका.

दुसऱ्या सवयीसाठी वहीचे नवे पान घ्या आणि आठवडाभराच्या निरीक्षणासह सगळे टप्पे पुन्हा करा. रुजलेली पहिली सवयच आता दुसरीचा प्रसंग होऊ शकते, उदाहरणार्थ रात्रीचे पान वाचून झाले की उद्याच्या कामांच्या तीन ओळी लिहिणे. मात्र एकाला एक अशी पाच-सहा कृतींची लांब साखळी करू नका, कारण मधली एक कडी निसटली तर तिच्या पुढच्या सगळ्याच त्या दिवशी राहून जातात. दोन कृती एका प्रसंगाला जोडल्या की तिसरीसाठी दिवसातला दुसरा प्रसंग शोधा.